एक कोल्ड्रिंक द्या!

प्रवासात घसा कोरडा पडला की आपण दुकानदाराला सहज म्हणतो, "एक कोल्ड्रिंक द्या." मुंबई-पुण्यात तेवढे पुरते. मध्य प्रदेशात शिरलो की त्याचा 'ठंडा' होतो. (2003च्या सुमारास आमिर खानच्या जाहिरातींनी हा साधा शब्द कोका-कोलाच्या नावावर करून टाकण्याचा चंग बांधला होता!) चेन्नईकडे 'कूल ड्रिंक' म्हणतात आणि तमिळनाडूच्या खेड्यांतली जुनी मंडळी तर नुसते 'कलर'. साध्या सोड्याला रंग नसतो, याला असतो. मग आणखी नाव हवे कशाला?

इथवर काही अडत नाही, बोट दाखवून बाटली मागता येते. घोटाळा होतो तो नाव एक आणि पेय भलतेच असते तेव्हा. दिल्ली-मोदीनगरची शिकंजी म्हणजे जवळजवळ आपले लिंबाचे सरबतच, काळे मीठ नि जिऱ्याचा मसाला घातलेले. तीच शिकंजी इंदूरच्या सराफ्यात मागा. हाती येतो आटीव दुधाचा, केशर-सुकामेव्याचा दाट, गोड पेला. चव झकास, पण तहान भागवायला बिनकामाचा. मधुमेह असलेल्यांनी आणि दूध न सोसणाऱ्यांनी तर आधी विचारूनच घ्यावे. मदुराईच्या 'जिगरठंडा'चीही तीच गत. नाव ऐकून पाण्यासारखे काही येईल असे वाटते. येते दूध, बदामाच्या झाडाचा फुगवलेला डिंक, नन्नारीचे म्हणजे आपल्या उपळसरीचे सरबत आणि वर आइस्क्रीम. नाव हिंदुस्तानी वळणाचे, बिऱ्हाड मात्र अस्सल तमिळ गावात.

एका बाटलीपुरते मात्र सगळ्यांचे लक्ष एकाच ठिकाणी गेले. हायरम कॉड या इंग्रजाने 1872 साली पेटंट घेतलेली काचेच्या गोटीची बाटली. आतल्या वायूच्या दाबाने गोटी वर चढून रबरी कड्याला घट्ट बसते, तिला वेगळे बूच लागत नाही. आपण तिला गोटी सोडा म्हणतो, तमिळ माणूस गोली सोडा, तर दिल्लीकर बंटा. पंजाबीत बंटा म्हणजे गोटीच! दिल्लीत तो लिंबू पिळून, काळे मीठ घालून पेल्यात देतात. कुठे थेट बाटलीनेच प्यायची वेळ आली, तर मानेवरच्या दोन खाचा खाली येतील अशी ती तिरकी धरावी. गोटी तिथे अडकते आणि सोडा बिनबोभाट तोंडात येतो.