मोरीमागची कर्दळ

बालाघाटात उगम पावलेली बिंदुसरा बीडला येते. तिच्या काठाने चाला. जिथे ओल, तिथे पाणकणीस माजलेले दिसेल. घाण पाण्यावरच ते पोसते! त्याच्या मुळांशी वाढणारे जिवाणू घाण खाऊन टाकतात.

१९७२ चा दुष्काळ सोसलेल्या या मुलखात, डोक्यावरून आणलेला हंडा मोरीतून गल्लीत सोडून द्यायचा, हे तुम्हांला पटते का? ते पाणी आधी छोट्या टाकीत घ्या, गाळ बसू द्या. मग पक्क्या तळाच्या, खडी भरलेल्या चरात सोडा. वर कर्दळ लावा. फुले देवाला होतील, हा वरकड लाभ. पाणी खडीच्या वर येऊ देऊ नका, म्हणजे डास होत नाहीत. संडासाचे पाणी मात्र यात नको. गाळलेले पाणी पिण्याचे नव्हे. लिंबोणीच्या आळ्यात सोडा, पालेभाजीवर नको.