पत घरची, गाडी परदेशची

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या तटाला चार दिशांना चार मुख्य दरवाजे होते. उत्तरेस दिल्ली दरवाजा, पूर्वेस जालना दरवाजा, दक्षिणेस पैठण दरवाजा आणि पश्चिमेस मक्का दरवाजा. चारही नावे वाटांची आहेत. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले, औरंगजेबाच्या सुभेदारीत १६५३ मध्ये त्याचे औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलली, तरी चार वाटांवर वसलेली बाजारपेठ हा या नगराचा स्वभाव बदलला नाही. शहागंज, सराफा, गुलमंडी या भागांत पिढ्यान्‌पिढ्या दुकाने सांभाळणाऱ्या घराण्यांना प्रवास हा व्यापाराचाच एक भाग वाटत आला आहे.

नगर वसण्याच्या कितीतरी आधीपासून या मुलखात भाड्याची चाके फिरत होती. येथून दक्षिणेस पन्नासएक किलोमीटरवर गोदाकाठी पैठण आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण हे भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे नोंदलेले आहे. पैठणचे अकीकासारखे दगड आणि तगर म्हणजे आजच्या तेरचे कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून, भडोचला जात असे. ज्याचा माल तो स्वतः प्रत्येक गाडीबरोबर जाऊ शकत नाही. त्यामुळे माल एकाचा, गाडी दुसऱ्याची आणि दोघांमध्ये तिसऱ्याचा शब्द ही व्यवस्था व्यापाराइतकीच जुनी मानावी लागते.

सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना दौलताबाद आणि औरंगाबादवरून गेला. १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने वाहनाचा दर व्यापाऱ्याच्या काटेकोरपणाने लिहून ठेवला आहे. बैल जुंपलेल्या प्रवासी गाडीचे भाडे दिवसाला सुमारे एक रुपया. सुरतेहून आग्र्यापर्यंतचा प्रवास ३५ ते ४० दिवसांचा आणि संपूर्ण प्रवासाचे भाडे ४० ते ४५ रुपये. गोवळकोंड्याचे अंतर आणि भाडे जवळपास तेवढेच. प्रतिष्ठित प्रवासी सोबत हत्यारबंद माणसे घेत. त्यांच्या इमानाबद्दल आणि चाकरीबद्दल त्यांचा नायक जबाबदार असे. परमुलखातील या माणसाला गाडी मिळत होती, रक्षक मिळत होते आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी कोणासाठी तरी उत्तरदायी होते.

त्याच लेखकाने आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. हिंदुस्थानातील गाव अगदीच लहान असेल तरच तेथे सराफ आढळत नाही, आणि हा सराफ पैसे पाठविण्याचे व हुंड्या लिहून देण्याचे काम करतो. या ओळखीच्या सराफी जगातच आपल्या समाजातील अनेक घराणी वाढली. एका गावच्या पेढीवर रक्कम भरावी, हुंडणावळ द्यावी, चिठ्ठी कमरेला बांधावी आणि शेकडो कोस दूरच्या पेढीवर ती दाखवून रोकड उचलावी. वाटेत चोराच्या हाती कागद लागला तरी रक्कम बुडत नसे. हुंडी हरवली तर पेठ लिहून मिळे, पेठही हरवली तर परपेठ मिळे. या सगळ्यामागचे भांडवल एकाच शब्दात मावते, आणि तो शब्द म्हणजे पत.

आज त्याच नगरातील कुटुंब चिकलठाण्याच्या विमानतळावरून निघते, मुंबईत विमान बदलते आणि दुसऱ्या दिवशी परदेशात उतरते. बरोबर वृद्ध आई असते, मुले असतात, खाकऱ्याचे आणि मेतकुटाचे डबे असतात. रात्रीभोजनाचा त्याग असलेल्या घरासाठी स्वतःच्या हाती असलेली गाडी ही चैन उरत नाही. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या सुमारासच मावळतो. भोजन त्याआधी व्हायचे असेल तर मुक्कामी वेळेवर पोहोचावे लागते. लेस्टरच्या जैन केंद्रातील मंदिराची प्रतिष्ठा १९८८ मध्ये झाली. लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे ओसवाल समाजाचे देरासर आहे. अशा ठिकाणी आईला सुखाने न्यावयाचे तर बस आणि रेल्वे यांच्या अदलाबदलीपेक्षा गाडी बरी, असा विचार कोणीही करील. आरक्षण घरूनच झालेले असते आणि भाड्याचे पैसेही कधीकधी आधीच भरलेले असतात.

अडचण उभी राहते ती विमानतळावरील गाडीच्या खिडकीपाशी. कर्मचारी परवाना पाहतो, पारपत्र पाहतो आणि क्रेडिट कार्ड मागतो. बँकेत मोठी शिल्लक, नावावर दुकान, बाजारात तीन पिढ्यांचा शब्द, आणि ‘आपण उधारीवर जगत नाही’ या अभिमानाने आजवर कार्ड न घेतलेला गृहस्थ डेबिट कार्ड पुढे करतो, परकीय चलन भरलेले कार्ड पुढे करतो, शेवटी रोख नोटा पुढे करतो. “पैसे तर आत्ताच देतो, मग अडचण कसली?” असे तो विचारतो. खिडकीपलीकडून नम्र नकार येतो. मागे सामानाच्या ढिगाजवळ आई बसलेली असते आणि बाहेर ऊन उतरत असते. ज्या माणसाच्या चिठ्ठीवर गावात लाखांचा माल सुटतो, त्याला तेथे एक लहानशी गाडी मिळत नाही. हा अपमान त्याच्या मनाला प्रवासभर टोचत राहतो.

पण हा नकार नीट समजून घेतला तर त्यात अपमान नाही. संभाजीनगरला वेरूळ किंवा अजिंठा पाहण्यास आलेला परदेशी पाहुणा गाडी ठरवितो तेव्हा त्याच्याकडे कोणी कार्डाचा आग्रह धरीत नाही. थोडी आगाऊ रक्कम आणि एक दूरध्वनी पुरतो. याचे कारण गाडीबरोबर चालक असतो. गाडी मालकाच्याच माणसाच्या हाती राहते, पाहुणा फक्त मागे बसतो. परदेशात मात्र किल्ली अनोळखी माणसाच्या हाती द्यावयाची असते. गाडीची किंमत भाड्याच्या कित्येक पट असते. शिवाय भाड्याचा खरा हिशेब गाडी परत आल्यावरही पुरा होत नाही. ओरखडा, कमी भरलेले इंधन, न भरलेला पथकर, वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड या गोष्टी कधी त्याच दिवशी, तर कधी काही आठवड्यांनी समोर येतात. तोपर्यंत प्रवासी आपल्या देशी परतलेला असतो. रोख अनामत घेतली तर ती तेवढीच. त्यापुढचे देणे कोणाकडे मागायचे?

क्रेडिट कार्डामुळे या प्रश्नाला उत्तर मिळते. कंपनी त्यावर ठराविक रक्कम राखून ठेवते. ती खर्ची पडत नाही, कार्डाच्या मर्यादेतून तेवढी बाजूला होते आणि गाडी नीट परतल्यावर मोकळी होते. पुढे काही देणे निघाले तर कार्ड देणारी बँक मध्ये उभी असते. डेबिट कार्डावर मात्र प्रत्यक्ष खात्यातील रक्कम अडकते आणि सुटण्यास अनेक दिवस लागू शकतात. आगाऊ भरलेल्या कार्डात जेवढे भरले तेवढेच असते, म्हणून बहुतेक कंपन्या ते अनामतीसाठी स्वीकारीत नाहीत. खिडकीवरचा कर्मचारी श्रीमंती मोजत नसतो. तो जुन्या पेढीचाच प्रश्न विचारीत असतो, की तुमच्यासाठी उत्तरदायी कोण?

हुंडीचे प्रकार ठाऊक असलेल्या घराला हे समजण्यास वेळ लागू नये. शाहजोग हुंडीची रक्कम कोणाही आणणाऱ्याला मिळत नसे. ती बाजारातील प्रतिष्ठित शाहाच्या हातूनच वटत असे. नामजोग हुंडी तिच्यात लिहिलेल्या नावाच्या माणसालाच मिळे. गाडीची कंपनी मागते ते कार्ड नामजोग असते. जो गाडी चालविणार त्याच्याच नावाचे कार्ड हवे. पत्नीच्या किंवा भावाच्या कार्डावर गाडी सहसा मिळत नाही. जोखमी हुंडीत माल सुखरूप पोहोचला तरच रक्कम देय होत असे, म्हणजे जोखमीचा भार हुंडीतच वाटून घेतलेला असे. आज तोच भार नुकसानीच्या विम्याच्या रूपाने भाडेपत्रात येतो. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमानेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना धक्का लावला नाही. इंग्रजी कायद्याला जिचा मान राखावा लागला, त्या व्यवस्थेच्या वारसांनी पतीच्या नव्या कागदाला बुजावे हे विचित्रच होय.

तेव्हा तयारी घरीच व्हावयास हवी, आणि ती प्रवासाच्या काही आठवडे आधी. ज्यांना उधारीचा तिटकारा आहे त्यांच्यासाठी मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड हा सरळ मार्ग आहे. अनेक बँका असे कार्ड देतात. ठेव आपलीच राहते, तिच्यावर व्याज चालू राहते आणि तिच्या आधारे कार्डाची मर्यादा ठरते. पगाराची चिठ्ठी नसलेल्या दुकानदारालाही ते मिळू शकते. चालविणारा मुलगा असेल तर त्याच्या नावाचे कार्ड वेळीच काढावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठीच चालू करून मिळते. परदेशी व्यवहाराची सोय आपण मागून सुरू करून घ्यावी लागते. ती घेण्याचा विसर पडला तर हातात कार्ड असूनही खिडकीवर तोच प्रसंग ओढवतो. मर्यादा अनामतीपेक्षा पुरेशी मोठी आहे ना, हेही पाहावे, कारण त्याच कार्डावर निवासाचीही रक्कम राखली जाऊ शकते.

दुसरा कागद परवान्याचा. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्याच परिवहन कार्यालयातून मिळतो आणि तो एक वर्ष चालतो. त्याबरोबर मूळ परवानाही जवळ असावा लागतो. ब्रिटनमध्ये भारतीय परवान्यावर पाहुण्याला बारा महिन्यांपर्यंत गाडी चालविता येते, आणि वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. अमेरिकेत व युरोपच्या बहुतेक देशांत ती उजवीकडून चालतात, हे नवख्या चालकाने विसरू नये.

कार्ड नसेलच तर आरक्षणापूर्वी कंपनीच्या अटी शब्दशः वाचाव्यात. काही ठिकाणी डेबिट कार्ड स्वीकारले जाते. मात्र परतीचे तिकीट, पूर्ण विमा किंवा मोठी अनामत अशा अटी त्याला जोडलेल्या असतात. विमानतळावरील आणि शहरातील शाखांचे नियमही एकच असतील असे नाही. चालकासह गाडी, रेल्वे, किंवा तेथील साधर्मिक कुटुंबाची मदत हे मार्गही आहेत. मात्र दुसऱ्याच्या नावावर गाडी घेऊन स्वतः चालविणे हा मार्ग नव्हे. भाडेपत्रात चालक म्हणून ज्याचे नाव नाही त्याच्या हातून अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो, आणि ज्याने भल्या मनाने नाव दिले तो अडकतो. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंची छायाचित्रे काढावीत, परत करताना पावती घ्यावी. रक्कम रुपयांत वळती करून देऊ का, असे यंत्राने विचारल्यास तेथील चलनच निवडावे. रुपयांचा सोयीचा वाटणारा दर बहुधा महाग पडतो. हुंडणावळ तपासून देणाऱ्यांना हे सांगावे लागू नये.

यावर वडीलधाऱ्यांची एक शंका असते. कार्ड म्हणजे कर्जाचे दार उघडणे, आणि परिग्रहाचे परिमाण पाळणाऱ्या घरात ते कशाला? शंका योग्य आहे. कार्डावरील थकबाकीचे व्याज जबर असते आणि सोयीतून सवय लागते. पण दोष साधनाचा की वापराचा, हे पाहिले पाहिजे. हुंडीवर व्यापार वाढविणारीही घरे होती आणि हुंडीवर बुडालेलीही होती. मुदतीच्या आधी देणे चुकते करण्याची शिस्त हीच पत होय. प्रवासापुरते वापरलेले, मर्यादा आधीच ठरविलेले आणि महिनाअखेरीस पूर्ण फेडलेले कार्ड हे कर्ज न राहता हमीचा कागद ठरते. मर्यादा बँकेने घालण्याआधी आपणच घालून घ्यावी, ही शिकवण तर व्रतांतूनच मिळालेली आहे.

वेरूळच्या जैन लेण्यांच्या वरच्या बाजूस, डोंगरावर, सुमारे १६ फूट उंचीची भगवान पार्श्वनाथांची मूर्ती आहे. तिच्या आसनावरील लेखात शके ११५६, म्हणजे इ.स. १२३४-३५ हा काळ आणि चक्रेश्वर या दात्याचे नाव कोरलेले आहे. तो या डोंगराचा रहिवासी नव्हता. त्याचे घराणे वर्धनापूरचे. परगावच्या डोंगरावर एवढे काम उभे करावयाचे तर कारागीर, वाहने, दाणापाणी आणि द्रव्य या सर्वांसाठी कोणाचा तरी शब्द चालला असला पाहिजे. पावसाळा उलटल्यावर संभाजीनगरची कुटुंबे मुलाबाळांना घेऊन त्या पायऱ्या चढतात. पुढील वर्षी परदेशी निघणाऱ्या तरुणाला त्याच्या आजोबांनी तेथे बसून हुंडीची गोष्ट सांगावी, आणि नातवाने आजोबांना कार्डाची. दोघांनाही कळेल की गोष्ट एकच आहे. गावाबाहेर आपल्याला कोणी ओळखत नसते. ओळख आपण आधी कमवून, लिहून, बरोबर न्यावी लागते.