चिठ्ठीचें ऋण

दोन वर्षांपूर्वीं आमचे वडील बंधु न्युमोनियानें अत्यवस्थ झाले. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत घशांत नळी घालून त्यांस यंत्रानें श्वास देणें चालू होतें. अशा वेळीं तेथील तरुण डॉक्टरांनीं वहिनींपुढें एक कागद ठेवला. दोन रूढ उपचारांपैकीं सरस कोणता, याची परीक्षा चालली होती. दादांस कोणता द्यावयाचा, हें चिठ्ठी टाकून ठरणार होतें. नकार दिल्यास शुश्रूषेंत कांहींही उणें पडणार नव्हतें. तरीही आम्ही संतापलों. ज्यांनीं आम्हांस खांद्यावर घेऊन फिरविलें, त्यांचे प्राण का सोडतीवर लावावयाचे?

डॉक्टर शांतपणें म्हणाले, "काका, यंत्र दादांना केवढा श्वास देत आहे, ठाऊक आहे? उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोस सहा मिलिलिटर. आमचे गुरुजन याच्या दुप्पट देत असत."

मग त्यांनीं हकीकत सांगितली. मोठ्या श्वासानें रक्तांत प्राणवायु वाढलेला दिसे. म्हणून तोच हितकर, असें थोरथोरांस वाटे. १९९६ ते १९९९ या काळांत अमेरिकेंत ८६१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली. २००० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मोठा श्वास मिळालेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ४० दगावले, लहान श्वास मिळालेल्यांपैकीं ३१. नवल हें, कीं पहिल्या दिवसांत प्राणवायूचा आंकडा मोठ्या श्वासाच्या गटांतच चांगला होता! आजारी फुप्फुस ताणानें अधिकच जखमी होत होतें. वरून मात्र सुधारणा दिसत होती. नजरेला जें फसवितें, तें चिठ्ठीनें उघडें पाडलें.

आम्ही निरुत्तर झालों. इतका वेळ गप्प असलेल्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे ज्यांना मोठा श्वास आला, त्यांच्याही घरच्यांनीं असाच कागद हातीं घेतला असेल." आणि त्यांनीं सही केली.

दादा सत्तावीस दिवसांनीं घरीं आले. त्यांच्या चिठ्ठीचा लाभ उद्यां दुसऱ्याच कोणास होईल. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण हीं आपण जाणतों; परंतु त्या अनोळखी रुग्णांचें ऋण कोणत्या सदरांत घालावें, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं. वाचकांपैकीं कोणापुढें असा कागद आलाच, तर रागावण्यापूर्वीं तो नीट वाचावा, शंका विचाराव्या, आणि मगच काय तें ठरवावें, एवढीच विनंति.