हडसनच्या काठावरची जपानी पंगत

न्यू जर्सीतील एजवॉटर हे गाव हडसन नदीच्या पश्चिम तीरावर, उंच कड्याच्या पायथ्याशी चिंचोळ्या पट्टीसारखे पसरलेले आहे. पलीकडच्या तीरावर मॅनहॅटनच्या इमारतींची रांग दिसते. एकेकाळी हा किनारा कारखान्यांचा होता. कारखाने गेले आणि त्या जागी घरे व दुकाने आली. याच किनाऱ्यावर, रिव्हर रोडला लागून, मित्सुवा नावाची मोठी जपानी बाजारपेठ आहे. अर्धी जागा किराणा, भाजी आणि भांडीकुंडी यांची, तर उरलेल्या भागात खाण्याचे गाळे आणि मधोमध सर्वांसाठी मांडलेली मेजे. नदीच्या बाजूला मोठ्या काचा आहेत. तिथली जागा मिळावी म्हणून सुटीच्या दिवशी माणसे ताट हातात धरून उभी असतात.

सांगलीकडचे एक वयस्कर भुसार व्यापारी आणि त्यांच्या पत्नी नोव्हेंबर महिन्यात मुलाकडे एडिसनला आले होते. एडिसनहून एजवॉटर तासाभराच्या अंतरावर. दहा वर्षांच्या नातवाला त्याच्या वर्गमित्राने या बाजाराचे इतके वर्णन सांगितले होते की, आजी-आजोबांना तिथे नेल्यावाचून त्याला चैन पडेना. सुनेला मात्र थोडी धास्ती होती. सासऱ्यांचा सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम, कंदमुळे वर्ज्य, आणि स्थळ कोणते तर जपानी बाजार! तरीही शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास मंडळी तिथे पोहोचली. या दिवसांत तिकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून हिशेब घड्याळ पाहूनच केलेला होता.

भुसारवाल्याचे पाय प्रथम तांदळाकडे वळले, यात नवल नाही. आखूड, गोलसर दाण्याच्या तांदळाच्या पोत्यांची तिथे थप्पी होती. बराचसा माल कॅलिफोर्नियात पिकलेला, काही थेट जपानहून आलेला. काही पोत्यांवर ‘नवा तांदूळ’ अशी चिठ्ठी मोठ्या अभिमानाने लावलेली होती. सुनेने तिचा अर्थ सांगितला तेव्हा आजोबा थबकलेच. आपल्याकडे तांदूळ जितका जुना तितका भाव जास्त, कारण जुन्याचा भात मोकळा होतो. जपानी माणसाला काड्यांनी उचलता येईल असा चिकट, मऊ आणि ओलसर भात हवा असतो, म्हणून त्याच्याकडे नव्या पिकाला मान. जिन्नस एकच, पण ताटात तो कसा हवा यावर बाजारातील भाव उलटा होतो. चाळीस वर्षांच्या व्यापारानंतरही हा धडा नवा होता.

गाळ्यांची रचना पाहण्यासारखी आहे. एका गाळ्यावर रामेन म्हणजे रश्शातील शेवया, दुसऱ्यावर उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, कुठे तळलेला तेंपुरा, कुठे हिरव्या चहाचे आइस्क्रीम. प्रत्येकाने आपला एक जिन्नस धरलेला आणि त्यातच हात बसवलेला. रामेनच्या गाळ्याचे मूळ दुकान जपानच्या उत्तरेकडील आसाहिकावा या शहरात १९८८ मध्ये निघालेले. गिऱ्हाईक मागणी नोंदवते, क्रमांक घेते, क्रमांक पुकारला की ताट उचलते आणि जेवण झाल्यावर ते आपल्याच हाताने परत नेऊन ठेवते. खाण्याआधी कित्येक जण हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणतात. ‘मी हे नम्रपणे स्वीकारतो’ असा त्याचा भाव.

काचेच्या कपाटात मांडलेले पदार्थ पाहून आजींना ते खरेच वाटले. हे नमुने आता प्लॅस्टिकचे असतात, पूर्वी मेणाचे असत. जपानमध्ये या नमुन्यांचा व्यवसाय उभा केला तो गुजो हाचिमान या गावातील ताकिझो इवासाकी यांनी. १९३२ मध्ये त्यांनी ओसाका शहरात त्यासाठी पेढी काढली. कपाटात जे दिसते तेच, तेवढेच आणि तसेच ताटात यावे, हा त्यामागचा संकेत आहे. भाषा न कळणाऱ्या गिऱ्हाइकालाही बोट दाखवून व्यवहार करता येतो. नमुना दाखवून सौदा करणाऱ्या बाजार समितीतील माणसाला त्याची योग्यता सांगावी लागली नाही.

परंतु नमुन्यात सर्वच दिसते असे नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ या पाण्यासारख्या नितळ रश्शात आहे. कोंबू नावाचे समुद्री शेवाळ आणि ‘कात्सुओबुशी’ म्हणजे उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कठीण केलेला मासा, यांच्यापासून तो बहुधा तयार होतो. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबूच्या दाशीतूनच ‘उमामी’ या चवीचे मूळ शोधून काढले. हा रस्सा शेवयांत असतो, मिसोच्या कढणात असतो, तेंपुऱ्यासोबतच्या आमटीत असतो. कित्येकदा भाजी शिजवतानाही तोच वापरतात. मासा कुठे दिसत नाही, पण चव त्याचीच असते. ‘यात मांस नाही’ हे विक्रेत्याचे उत्तर त्याच्या दृष्टीने खरे असते आणि शाकाहारी माणसाच्या दृष्टीने अपुरे.

नातवाने उदोनच्या गाळ्यासमोर मुक्काम ठोकला. पांढऱ्याशुभ्र शेवया, वर हिरवी पाने. नमुन्यात वावगे असे काही दिसत नव्हते. काउंटरवरच्या मुलीने तो भाज्यांचा पदार्थ असल्याचे सांगितले. आजींनी पर्स उघडली. तेवढ्यात सुनेने विचारले, “रस्सा कशाचा?” मुलगी गोंधळली आणि आत गेली. आतून एक वयस्कर आचारी हात पुसत बाहेर आला. मागे रांग वाढत होती. तरी त्याने किंचित वाकून, तुटक इंग्रजीत सांगितले की रश्शात मासा आहे, हे तुमच्यासाठी नाही. मग त्याने बोट पलीकडच्या मिठाईच्या कपाटाकडे केले. तिथले खा, असा त्याचा इशारा होता.

आजोबांनी त्याला हात जोडले. आलेले गिऱ्हाईक खरे बोलून परत पाठवणारा दुकानदार त्यांनी आयुष्यात फार पाहिले नव्हते.

नातवाचा चेहरा मात्र पडला. “आजोबा, आपण सगळीकडे ‘नाही’च का म्हणतो?” या प्रश्नाला चटकन उत्तर देता येईना. परदेशी वाढणाऱ्या मुलाला प्रत्येक वाढदिवशी, प्रत्येक सहलीत हा ‘नाही’ एकट्यालाच म्हणावा लागतो, हे त्यांच्या आजवर ध्यानात आले नव्हते. सांगलीत सारी गल्लीच त्यांच्यासोबत ‘नाही’ म्हणत असे, त्यामुळे त्याचे ओझे कधी जाणवलेच नाही.

मिठाईच्या बाजूला मुलगा पुन्हा हरखला. ‘ताइयाकी’ म्हणजे माशाच्या आकाराच्या साच्यात भाजलेला गोड केक, पोटात लाल चवळीसारख्या आझुकी डाळीचे पुरण. “यात मासा नाही, नुसता आकार आहे!” त्याचा युक्तिवाद बिनतोड होता. आजींनी त्याला जवळ घेऊन यशोधर राजाची कथा सांगितली. उज्जयिनीच्या या राजाने आईच्या आग्रहाखातर देवीपुढे पिठाचा कोंबडा बळी दिला. कोंबडा खरा नव्हता, पण मनातील संकल्प खरा होता, आणि त्यापायी मायलेकांना अनेक पशुयोनींतून फिरावे लागले. मुलाने ऐकून घेतले आणि विचारले, “पण मला तर मासा मारायचाच नव्हता, मला पुरण खायचं होतं.” आजी निरुत्तर झाल्या. ताइयाकीच्या पिठात सहसा अंडे असते, हे सुनेने सांगितले आणि प्रश्न तिथल्या तिथे मिटला. आजोबांना मात्र मुलाचे म्हणणे विचार करण्याजोगे वाटले.

शेवटी निवड ठरली ती ‘योकान’ची. आझुकी डाळ, साखर आणि ‘कान्तेन’ म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेले अगर, एवढ्यावर होणारी ही गडद, चकचकीत वडी. वेष्टनावरची यादी सुनेने दोनदा वाचली. या वडीच्या नावाची कथा विलक्षण आहे. योकान ज्या चिनी अक्षरांनी लिहितात, त्यांचा अर्थ ‘मेंढीच्या मांसाचा रस्सा’ असा होतो. चीनमध्ये तो खरोखरच मांसाचा पदार्थ होता. झेन पंथाचे बौद्ध भिक्षू तो जपानात घेऊन आले तेव्हा मांसाहार त्यांना वर्ज्य होता, म्हणून मांसाच्या जागी त्यांनी डाळ घातली. पुढे साखर आली, अगर आले आणि रश्शाची मिठाई झाली. नाव तेवढे जुने राहिले.

यशोधराच्या कथेची ही जणू दुसरी बाजू. तिथे पिठाला प्राण्याचे रूप दिले ते मारण्याच्या संकल्पाने. इथे प्राण्याच्या जागी डाळ आली ती न मारण्याच्या संकल्पाने. आकार आणि नाव दोन्हीकडे प्राण्याचेच. फरक आहे तो मनाचा.

भिक्षूंच्या या पाकपरंपरेला जपानमध्ये ‘शोजिन र्योरी’ म्हणतात. ‘शोजिन’ हा शब्द संस्कृत ‘वीर्य’ म्हणजे साधनेतील प्रयत्न या शब्दाचे भाषांतर होय. या स्वयंपाकात मांस-मासे नसतात, त्याचप्रमाणे कांदा-लसूणही नसतो. दाशी करतात ती कोंबू आणि वाळवलेल्या अळिंबीची. मुळे व कंद त्यांना चालतात आणि अळिंबीही चालते, म्हणजे जैन मर्यादेशी ती पूर्णपणे जुळत नाही. तरी झेन आचार्य दोगेन यांनी १२३७ मध्ये मठातील आचाऱ्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहावा, यावरून अन्नाकडे साधना म्हणून पाहण्याची दृष्टी तिथे किती जुनी आहे, हे कळते. माशाच्या रश्शावर उभ्या असलेल्या या देशातही ‘नाही’ म्हणणाऱ्यांची एक पंगत शतकानुशतके बसत आलेली आहे.

खिडकीजवळचे एक मेज रिकामे झाले. साधा वाफवलेला भात, मीठ लावून उकडलेल्या ‘एदामामे’ म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, योकान आणि साखर नसलेला हिरवा चहा, एवढे जेवण मांडले गेले. पिशवीतील खाकरे पिशवीतच राहिले. दुसऱ्याच्या दुकानात बसून आपला डबा उघडू नये, हा आजोबांचा दंडक. शेंगा सोलताना नातवाला गंमत वाटू लागली. ओल्या हरभऱ्याच्या हुरड्याची आठवण काढीत आजींनी निम्म्या शेंगा एकट्याच संपवल्या.

जेवताना मुलाने वडिलांकडून या जागेचा इतिहास सांगितला गेला, तो व्यापाऱ्याने मुद्दाम ऐकावा असा आहे. १९८८ मध्ये इथे बाजार उभा राहिला तेव्हा पाटीवर नाव होते ‘याओहान’. जपानमधील आतामी या गावी १९३० मध्ये र्योहेई वादा आणि त्यांच्या पत्नी कात्सु यांनी भाजीचे लहानसे दुकान काढले, तिथून ही पेढी सुरू झाली. १९५० मध्ये आतामीला मोठी आग लागली, त्यात दुकान जळाले. दांपत्याने ते पुन्हा उभे केले. थोरला मुलगा काझुओ याने व्यापार परदेशी नेला. १९७१ मध्ये ब्राझील, पुढे सिंगापूर, १९७९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो, १९८४ मध्ये हाँगकाँग. १९९० मध्ये मुख्य कचेरीच हाँगकाँगला गेली. १९९५ च्या डिसेंबरात शांघायमध्ये भव्य दुकान उघडले, तेव्हा पहिल्याच दिवशी दहा लाखांहून अधिक लोक लोटले.

आणि १८ सप्टेंबर १९९७ रोजी पेढीने न्यायालयाकडे धाव घेतली. देणे सोळा हजार कोटी येनांच्या वर गेले होते. विस्तारासाठी पैसा उभा केला होता तो मोठ्या प्रमाणात परिवर्तनीय रोख्यांतून. समभागाचा भाव चढला तर धनको रोख्याचे समभाग करून घेतो आणि रक्कम परत करावी लागत नाही. भाव उतरला तर मात्र मुदतीला रोकड मोजावी लागते. भाव चढताच राहील, असे गृहीत धरले गेले, तो उतरला. रोकड उभी करण्यासाठी जपानमधील चालती दुकाने विकावी लागली, म्हणजे दुभती गाय विकून चाऱ्याचे बिल भागवण्याचाच प्रकार. दुकाने जगभर वाढत होती, पण गल्ल्यातील रोकड त्या वेगाने वाढत नव्हती. काझुओ वादा यांनी पुढील आयुष्यात आपले अपयश लपवले नाही. त्यावर लिहिले, आणि तरुण उद्योजकांना तेच अनुभव सांगितले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

अमेरिकेतील दुकाने १९९८ मध्ये नव्या मालकीखाली गेली आणि पाटीवर ‘मित्सुवा’ हे नाव आले. गाळे राहिले, गिऱ्हाईक राहिले, तांदळाची थप्पीही राहिली.

“म्हणजे इथे माल तोच आणि नाव बदललं,” नातू योकानचा तुकडा हातात धरून म्हणाला, “आणि यात नाव तेच आणि माल बदलला.”

आजोबा हसले. ताटातला भात शितासकट संपवून त्यांनी घोटभर पाणी घेतले. सूर्य कड्यामागे उतरत होता. तो खिडकीतून दिसत नव्हता, पण समोर मॅनहॅटनच्या काचांवर त्याचे सोने चढले होते. ते ओसरण्याआधी त्यांनी हात धुतले.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर राहिलेच होते. निघताना त्यांनी त्याला उदोनच्या गाळ्याकडे दाखवले. तो आचारी वाकून पुन्हा कुणाला तरी काही समजावून सांगत होता. “त्यानं आपल्याला ‘नाही’ म्हटलं, तेव्हा तुला राग आला का?” मुलाने मान हलवली. “का नाही आला?” थोडा विचार करून तो म्हणाला, “कारण तो नीट बोलला.”

आजोबांनी पुढे काही सांगितले नाही. मुलाने रिकामे ताट उचलले आणि इतरांप्रमाणे नेऊन जागेवर ठेवले.