दुखणाईत लेकरू पदरात घेताना

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की बिंदुसरा धरणाच्या अंगाला पाली लागतं. तिथे ‘इन्फंट इंडिया’ आहे. दत्ता बारगजे आणि संध्याताई बारगजे या दाम्पत्याने एचआयव्हीबाधित मुलांसाठी उभं केलेलं हे घर. दत्ता बारगजे मूळचे आरोग्य खात्यातले प्रयोगशाळा तंत्रज्ञ. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला नोकरीत असताना आमटे कुटुंबाच्या कामाशी त्यांचा संबंध आला. पुढे ते बीडला आले आणि ज्या मुलांना सख्खे नातेवाईकही जवळ करत नव्हते, ती या दोघांनी आपली म्हणून सांभाळायला घेतली.

सत्काराच्या भाषणांत ‘प्रयोगशाळा तंत्रज्ञ’ हा तपशील एका दमात संपतो आणि ‘देवमाणूस’ सुरू होतो. आम्हा बालरोगतज्ज्ञांना मात्र तोच तपशील मोलाचा वाटतो. रक्ताच्या नळ्या रोज हाताळणाऱ्याला हा विषाणू कशाने पसरतो आणि कशाने नाही, हे पाठ असतं. एका ताटात जेवल्याने, कडेवर घेतल्याने, पापा घेतल्याने तो लागत नाही. डास चावून लागत नाही. शेजारपाजार दार लावून घेतो तेव्हा असा माणूस दार उघडू शकतो, त्यामागे माया असतेच, पण नीट कळलेली माहितीही असते.

संस्थेत मूल सांभाळणं वेगळं आणि कायद्याने दत्तक घेणं वेगळं. तरी दोन्हीकडे पहिल्या दिवशी पोटात उठणारा गोळा सारखाच. आजारी मूल दत्तक घेऊ पाहणारी जोडपी त्याची वैद्यकीय फाइल टेबलावर ठेवतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न आजाराच्या नावाचा नसतोच. “जगेल ना हो?” दुसरा प्रश्न बाई एकटी असली की येतो: “आमच्या दुसऱ्या लेकराला काही होणार नाही ना?” आणि तिसरा जाता जाता, दाराशी: “घरच्यांना काय सांगायचं?”

या तिन्ही प्रश्नांना ‘भीती’ या एकाच गाठोड्यात बांधलं की ते उचलवत नाही. सोडवून पाहिलं तर पहिल्या दोन प्रश्नांची बरीचशी उत्तरं वैद्यकाकडे तयार आहेत.

एचआयव्हीचंच घ्या. बाधित आईला उपचार मिळाले नाहीत तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता शंभरात १५ ते ४५. उपचार वेळेवर मिळाले तर ती ५ च्या खाली आणता येते. म्हणजे आई बाधित होती एवढ्यावरून बाळ बाधित ठरत नाही. पण इथे एक फसवी जागा आहे. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळाच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे मोठ्यांसाठी वापरली जाणारी साधी चाचणी तान्ह्या बाळावर केली तर ती ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते आणि बाळ प्रत्यक्षात निरोगी असू शकतं.

म्हणून सहा आठवड्यांच्या बाळाची वेगळी तपासणी करतात. बाळाची टाच कोमट करून घ्यायची, कडेला बारीक टोचायचं, पहिला थेंब पुसायचा आणि मग जाड टिपकागदावर छापलेल्या गोलांमध्ये एकेक थेंब पडू द्यायचा. गोल पूर्ण भरला पाहिजे, बोट लागता कामा नये. कागद सावलीत आडवा ठेवून काही तास वाळवायचा, मग ओल शोषणाऱ्या पुड्यांसह पाकिटात बंद करून प्रयोगशाळेकडे पाठवायचा. तिथे प्रतिपिंडं न शोधता थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधतात. अहवाल येईपर्यंतचे दिवस जड जातात. पुढे ठरलेल्या वयात फेरतपासण्या होतात आणि दीड वर्षाला पक्का निकाल लागतो. दत्तक घेऊ पाहणाऱ्या आईबापाला आम्ही हे वेळापत्रक कागदावर लिहून देतो. भीतीला तारीख मिळाली की रात्री झोप लागते.

आणि निकाल बाधित असाच आला तर? बाधित जन्मलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी उपचाराविना दोन वर्षांच्या आत दगावतात, ही या आजाराची जुनी ओळख. भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणारी औषधं, १ एप्रिल २००४ ला सुरू झाली आणि लहान मुलांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६ च्या अखेरीस आला. त्याआधी असं मूल घरात घेणं म्हणजे काही वर्षांत त्याला पोचवायला जाण्याची तयारी ठेवणं होतं. आज औषध रोज, न चुकता घेतलं तर ही मुलं दहावी-बारावी करतात, नोकरीला लागतात, संसार थाटतात. पालीच्या संस्थेत वाढलेल्या मुलामुलींची लग्नंही लागली आहेत.

तिसरा प्रश्न उरतोच. २०२१ मध्ये याच संस्थेतल्या मुलांना शाळेतून बाहेर काढल्याचा आरोप संस्थेने केला. शाळेने तो फेटाळला. खरंखोटं काहीही असो, एचआयव्हीविषयीचा खास कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असतानाही ही बातमी होऊ शकली. त्या कायद्यानुसार शाळा, नोकरी, दवाखाना यांपैकी कुठेही केवळ या कारणावरून भेदभाव करता येत नाही आणि मुलाच्या आजाराची माहिती गावभर करण्याचा अधिकार कुणालाही नाही. मुख्याध्यापकांनाही नाही आणि आत्याबाईंनाही नाही. “घरच्यांना काय सांगायचं?” याचं निम्मं उत्तर त्यात आहे: ज्याला कळणं मुलाच्या भल्याचं आहे, त्यालाच सांगायचं.

एचआयव्ही हा यादीतला एक आजार. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या यादीत फार वेगवेगळी दुखणी एकत्र बसलेली असतात, आणि कागदावर सगळी सारखीच भयानक दिसतात. दुभंगलेला ओठ पहिल्या काही महिन्यांत शिवता येतो, टाळू साधारण वर्षाच्या आसपास. आत वळलेलं पाऊल दर आठवड्याला नवं प्लास्टर घालत सरळ करतात. नंतर चौथ्या वर्षापर्यंत रात्री खास बूट घालावे लागतात, आणि पालकांचा कंटाळा हेच पाऊल पुन्हा वळण्याचं मुख्य कारण असतं. हृदयाच्या पडद्यातलं लहान छिद्र अनेकदा आपोआप बुजतं. मोठं असेल तर शस्त्रक्रिया लागते.

थॅलेसेमियाचं गणित निराळं. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, साठणारं लोह काढायचं औषध रोज द्यायचं. कायमचा इलाज म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण, त्यासाठी सख्ख्या भावंडाची मज्जा सर्वांत चांगली. आणि दत्तक मुलाच्या सख्ख्या भावंडाचा पत्ता नसतो. हे आधी सांगायला हवं, नंतर नाही. सेरेब्रल पाल्सीत तर ‘बरं होईल’ हा शब्दच आम्ही वापरत नाही. रोजचा व्यायाम, झटक्यांवर औषधं, आणि हाती लागेल तेवढी हालचाल.

सरकारी आधार आहे. मुलांची जन्मतः असलेली व्यंगं, आजार, कमतरता आणि वाढीतला विलंब शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अनेक शस्त्रक्रिया बसतात. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय बीड जिल्ह्यातच आहे. मात्र लहान मुलांच्या हृदयाच्या किंवा मज्जेच्या इलाजासाठी संभाजीनगर, पुणे, मुंबई गाठावी लागते. बिल योजनेतून भागतं. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि दवाखान्याच्या आवारात काढलेल्या रात्री ज्याच्या त्याच्या असतात.

नियमांनीही अशा मुलांसाठी वाट थोडी रुंद ठेवली आहे. निरोगी तान्ह्या बाळासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागतं. विशेष गरजेचं मूल स्वीकारायची तयारी असेल तर ती रांग आड येत नाही. ज्या दाम्पत्याला आधीच दोन किंवा अधिक मुलं आहेत, त्यांनाही २०२२ च्या नियमांनुसार अशा मुलाचा विचार करता येतो. दत्तकाचा आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात आणि त्यानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, पाठपुरावा होतो. होकार देण्याआधी मुलाचा वैद्यकीय अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवायची मुभा आहे. ती वापरलीच पाहिजे.

पुण्यात सॉफ्टवेअर अभियंता असलेल्या इंदूरच्या आदित्य तिवारीने ही वाट आणखी रुंद करून घेतली. त्याला हवं होतं ते बाळ डाउन सिंड्रोमचं, हृदयात छिद्र असलेलं. तो अविवाहित आणि तिशीच्या आतला. तेव्हाच्या नियमात एकट्या पालकाला तीस वर्षं पूर्ण लागत. त्याने पत्रांचा सपाटा लावला, २०१५ मध्ये ती अट पंचवीसवर आली आणि १ जानेवारी २०१६ ला मूल त्याच्या घरी आलं. डाउन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो.

आता श्रद्धा. बीड जिल्ह्यात परळीला वैजनाथ आहे, अंबाजोगाईला योगेश्वरी आहे. इथे दवाखान्याच्या पायरीवर आधी हात कपाळाला जातो, मग केसपेपर निघतो. त्यात काही वावगं नाही. शस्त्रक्रियेला आत नेलेल्या बाळाच्या बाहेर बसलेल्या आईला आम्ही कुठलं औषध देणार? तिचा नवस तिला तास दोन तास बसवून ठेवतो. अडचण येते ती अंगारा लावून गोळी बंद होते तेव्हा. एआरटीत महिन्याचा खंड पडला तर विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. झटक्यांचं औषध अचानक थांबवलं तर झटके उसळून येतात. ‘देवाने दिलंय, देवच बघेल’ म्हणून फाइल न उघडणारे पालक पहिल्या मोठ्या दुखण्यात खचतात. प्रश्न विचारून विचारून डॉक्टरांचं डोकं उठवणारे टिकतात, असा आमचा अनुभव आहे.

एका प्रश्नाला मात्र वैद्यकाकडे उत्तर नाही: आमच्यानंतर याचं कोण? अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी रस्त्यावर, स्थानकांवर टाकून दिलेल्या अपंग, मतिमंद मुलांना स्वतःचं आडनाव दिलं. अशा मुलांची संख्या शंभरावर गेली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी त्यांच्या एका अंध लेकीने राज्य लोकसेवा आयोगाची लिपिकपदाची परीक्षा पार केली. जळगावच्या रेल्वे स्थानकावर कचऱ्यात सापडलेली ती मुलगी. शंकरबाबांचा सरकारशी जुना वाद आहे तो अठराव्या वर्षाचा. बालगृहाचा नियम मुलाला अठराव्या वर्षी बाहेर काढतो. पण मतिमंद मूल अठराचं झालं म्हणून आपलं आपण राहू शकत नाही. त्यांना आयुष्यभर तिथेच राहता यावं, ही त्यांची मागणी.

बीडच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आहे. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच इथले लाखो मजूर उसाच्या फडाकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि दुखणाईत लेकरू एक तर कोपीवर, नाही तर गावात आजीजवळ. आईबाप गमावलेल्या कितीतरी आजारी मुलांना इथे अशा आज्यांनीच वाढवलंय. कुठलाही अर्ज न भरता, कुठलीही फाइल न वाचता. त्यांच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपयांची. बऱ्याच आज्यांना ती माहीतच नसते. फडावर निघालेल्या कुटुंबाने आधी एआरटी केंद्रावर सांगितलं, तर तब्येत स्थिर असलेल्यांना जास्त महिन्यांची औषधं किंवा मुक्कामाजवळच्या केंद्राची सोय होऊ शकते. सांगितलं नाही तर मार्चपर्यंत एआरटीच्या नोंदींची हिरवी पुस्तिका कोरी राहते.

याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. निरोगी मुलीलाही ज्या गावांनी नको म्हटलं, तिथे आजारी मुलीसाठी दार उघडणाऱ्या घरांची किंमत वेगळी सांगायला नको.

म्हणून असं मूल घरी आणण्याचा विचार मनात असणाऱ्या वाचकांना एक विनंती. आधी फाइल घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे या. या महिन्यात काय करावं लागेल, पाच वर्षांनी काय, औषध कुठे मिळेल, खर्च कोण उचलेल, रात्री-अपरात्री कुठे न्यायचं आणि आमच्यानंतर कोण, एवढं लिहून आणा. उत्तरं ऐकून नाही म्हणावंसं वाटलं तर नाही म्हणा. घरी नेलेलं मूल परत करण्यापेक्षा कागदावरचा नकार मुलाला कमी लागतो. हो म्हणायचं असेल तर काराच्या संकेतस्थळावर नोंदणी करा, अडलं तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. आणि टाकलेलं किंवा आजारी मूल कुठे दिसलं तर १०९८ वर फोन करा. दवाखान्यातून किंवा ओळखीतून परस्पर कुणाचंही मूल घेऊ नका, बाल न्याय अधिनियमाखाली तो गुन्हा आहे.