कोयनाकाठच्या शिधापत्रिका

चीनमध्ये १९५५ पासून १९९३ पर्यंत चाललेली धान्याची कुपने तेथील संग्राहक आज मोठ्या हौसेने जपतात. त्या कुपनांवर कोणाचे नाव नसे, प्रांतिक कुपन प्रांताच्या हद्दीबाहेर चालत नसे आणि देशभर चालणारे कुपन निराळे छापले जाई. आपल्याकडील शिधापत्रिकेचे मोल तिच्यावरील नावांत आहे, आणि कोयनानगर, हेळवाक, पाटण या पट्ट्यातून जुन्या पत्रिका गोळा करताना याचा प्रत्यय मला वारंवार येत आला आहे.

युद्धकालीन टंचाईपायी मे १९४३ मध्ये मुंबईत सुरू झालेली शिधावाटपाची पद्धत, नियंत्रणे उठण्याच्या आणि पुन्हा बसण्याच्या फेऱ्यांतून तगून, कोयना धरणाच्या कामासाठी नाना मुलखांतून येथे आलेल्या गवंडी-मजुरांच्या बिऱ्हाडांपर्यंत पोहोचली. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी ज्यांनी त्या काळी खाल्ली, ती वृद्ध माणसे पत्रिकेतील जिनसांचे रकाने पाहताच त्या भाकरीविषयी आपण होऊन बोलू लागतात.

एक पत्रिका मी विशेष जपली आहे. घडीवर विरलेल्या तिच्या पुठ्ठ्याला कोणी खळीने कापडाची पट्टी चिकटवली आहे. साखर, गहू, रॉकेल यांच्या रकान्यांत दुकानदाराने शाईच्या पेन्सिलीने ओढलेले फराटे आहेत. आतल्या पानावर निराळ्या हस्ताक्षरात एका तान्ह्या मुलीचे नाव चढवले आहे, आणि त्याच्याच वर, जानेवारी १९६८ मधील एकाच तारखेला, दोन नावांवर रेघ मारून ‘कमी केले’ असा शेरा व त्याखाली सही आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या परिसरात झालेल्या भूकंपाचा अभ्यास जगभरचे भूशास्त्रज्ञ अद्याप करीत आहेत, धरणामागील शिवसागर जलाशयाचे पाणी आणि ते हादरे यांचा संबंध तपासत आहेत. परंतु त्या भूकंपाने एका घरचा शिधा किती उणा झाला, हे मला त्या पानानेच सांगितले.

असे कागद दुर्मिळ असणे स्वाभाविक आहे, कारण नवी पत्रिका हाती पडावयाची तर जुनी कचेरीत जमा करावी लागे. जी उरली ती ट्रंकेच्या तळाशी, शाळेच्या दाखल्यांसोबत, विसरली गेली म्हणूनच उरली. आता दुकानातील यंत्रावर अंगठा टेकला की धान्य मिळते. त्यामुळे खोट्या नोंदींना आळा बसत असेल तर ते इष्टच आहे, तथापि घरातील जन्ममृत्यूंची अशी हस्तलिखित नोंद त्या यंत्रातून घरी येत नाही, आणि ही हानी मला लहान वाटत नाही.

म्हणून वाचकांना विनंती अशी, की जुनी शिधापत्रिका रद्दीत घालण्यापूर्वी ती घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवावी, प्रत्येक नाव कधी चढले आणि का कमी झाले ते त्यांना विचारावे, आणि ते सारे एका कागदावर लिहून पत्रिकेसोबतच ठेवावे.