रास्त भावाची कॉफी

आमच्या बेळगावात कॉफी म्हटलं की उडुपी हॉटेल. स्टीलच्या वाटीत ठेवलेला स्टीलचा पेला, वर फेस, आणि आपण निम्मी प्यायलो नाही तोवर खुर्चीमागं कुणीतरी उभं. तेवढ्यावर माझं बरं चाललं होतं. मग धाकट्या लेकीनं एकदा टिळकवाडीतल्या एका जुन्या बंगल्यात नेलं. ओसरीवर चार टेबलं, आत एकही टीव्ही नाही, गाणी नाहीत. "आई, इथं घाई करायची नाही," तिनं आधीच बजावलं.

लेक आता पुण्याला असते. मी मात्र दर गुरुवारी एकटी जाते, चार वाजता. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं असतं, म्हणून चारच. माझी आई जन्मात कधी एकटी हॉटेलात बसली नाही. पहिल्या दोन गुरुवारी मीसुद्धा पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते.

दुकान चालवणारी मुलगी माझ्या लेकीच्याच वयाची. "बसा की काकू," म्हणते आणि समोरच कॉफी दळते. कागदाच्या गाळणीवर गरम पाणी गोल गोल, बारीक धारेनं सोडते. त्या वेळी जो वास सुटतो, त्यासाठीच मी जाते असं म्हटलं तरी चालेल. दूध घालत नाही. पहिला घोट कडवट लागतो, पण थोडी निवली की लिंबाच्या सालीसारखी, किंचित फळासारखी चव येते. गरम असताना ती कळतच नाही. एकदा तिनं मध घालू का विचारलं. आम्ही मध खात नाही, म्हटलं. पुढच्या गुरुवारी माझ्यासाठी सेंद्रिय गुळाची वाटी तयार होती.

कॉफी येते अरकू खोऱ्यातून. आंध्रातल्या पूर्व घाटात आदिवासी शेतकरी झाडांच्या सावलीत ती लावतात. हे सगळं भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं. खाली एक ओळ : सेंद्रिय, आणि रास्त भावानं घेतलेली.

'रास्त भाव' वाचलं आणि माझा घोट अडकला.

माझं माहेर निपाणी. अण्णांची तंबाखूची वखार होती. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगलोर हायवेवर बसले, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली, आणि एप्रिलात गोळीबार झाला. माणसं गेली. मी तेव्हा बारा वर्षांची. दारं लावून घेतलेल्या घरात आम्ही भावंडं बसलो होतो, आणि बाहेरून जो शब्द कानावर येत होता तो हाच. रास्त भाव.

पाठशाळेत आम्ही अचौर्य व्रताचे अतिचार म्हणत असू. कमी-जास्त मापं ठेवणं हा त्यातला एक. आणि वखारीत माप बरोबर असायचं, पण वर सूट म्हणून काही किलो कापले जायचे. "माल टाकून जा, भाव मागनं बघू," असं अण्णा म्हणत. शेतकरी मान हलवून निघून जायचा. दुसरं करणार काय? अण्णा वाईट नव्हते. विडी कारखानदार त्यांच्याशी तेच करत. पण मी एकदाही त्यांना विचारलं नाही, आणि आता ते नाहीत.

असो. व्यापाऱ्याचीच लेक मी, गणित घातल्याशिवाय राहवेना. मुलीनंच आकडे दिले. फेअरट्रेडचा धुतलेल्या अरेबिकाचा किमान भाव २०२३ पासून पाउंडाला १ डॉलर ८० सेंट, सेंद्रिय असली तर वर ४० सेंट, आणि शेतकऱ्यांच्या सामाईक कामांसाठी आणखी २० सेंट. बाजार कितीही पडला तरी त्याखाली जायचं नाही. माझ्या कपाला अठरा ग्रॅम भाजलेली कॉफी लागते. भाजताना वजन घटतं, म्हणून कच्ची बावीसेक ग्रॅम धरली. बिलाच्या मागं मांडून बघितलं तर शेतकऱ्याकडं दहाएक रुपये जातात. कप १८० रुपयांचा.

"एवढेच?" मी विचारलं.

ती लाजली नाही. भाडं, वीज, भाजणावळ, वाहतूक, बँकेचा हप्ता, सगळं बोटांवर मोजून दाखवलं. "पण काकू, त्यांचा भाव आधी ठरतो. माझं काय उरतंय ते मागनं."

मागनं. अण्णांचाच शब्द, फक्त उलट्या बाजूनं.

आत कप विसळणाऱ्या पोराला ती काय देते, हेही विचारायचं होतं. विचारलं. तिनं आकडा सांगितला, आणि मग म्हणाली, "कमी आहे, मला माहीत आहे. दिवाळीपासून वाढवणार."

दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी मी पोरालाच विचारलं. वाढवले होते. कपही वीस रुपयांनी महागला होता. मी पर्समधून दोन नोटा काढल्या आणि ओसरीवरची माझी खुर्ची सावलीत ओढून घेतली.